एव्होदीया नावाची माझी शेजारीण

त्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी जे पाहिलंत ते खरं होतं. तुमची आजी एका हातातल्या फोनवर कुणाला तरी इंग्रजीत झापत होती, दुसऱ्या हाताने टेबलावर थापा मारत होती, आणि तुम्ही पुण्यात ऑनलाइन शाळा सुरू होण्याआधी दुधाचे पेले हातात धरून बघत बसला होतात. तुमच्या बाबाने कॉल बंद केला आणि मला मेसेज पाठवला, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" घेतली होती. गोळीचा काही संबंध नव्हता.

धाकटीने नंतर विचारलं, आजी कुणावर एवढी चिडली होती? उत्तर फोनवर सांगण्याएवढं लहान नाही म्हणून लिहून पाठवते आहे. यात मी कुणाचं नाव लिहिणार नाही, तुमचंही नाही. फक्त एक नाव लिहीन, कारण सगळं भांडण त्या एका नावासाठी होतं. एव्होदीया. चार अक्षरं आहेत. ज्या लोकांना औषधांची हातभर लांबीची नावं रोज बिनचूक म्हणता येतात, त्यांना ही चार अक्षरं जड जात होती.

एव्होदीया म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात, तुमच्या आत्याच्या डार्विनच्या घराची कुंपणापलीकडची शेजारीण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ग्रीसच्या एका बेटावरून लग्न होऊन इथे आली, ती पुन्हा परत गेली नाही. नवरा वारला, मूलबाळ नाही, एक भाची आहे ती मेलबर्नला. तुमच्या आत्याची हॉस्पिटलची ड्यूटी सुरू झाली की घरात मी एकटी, तिच्या घरात ती एकटी. कढीपत्त्यामुळे ओळख झाली. इथे कढीपत्ता माणसापेक्षा उंच वाढतो, आमच्या झाडाच्या फांद्या तिच्या अंगणात गेल्या होत्या. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "माफी राहू दे, हा पाला खायचा कसा ते सांग." मग ती मला लिंबं द्यायची आणि मी तिला फोडणी कशी करायची ते दाखवायचे. तिला इंग्रजी चांगलं बोलता यायचं, वाचता मात्र येत नव्हतं. शाळेच्या कँटीनमध्ये तीस-पस्तीस वर्षं काम केलं, तिथे वाचायची वेळच आली नव्हती. तिची पत्रं, बिलं, सरकारी कागद मी वाचून दाखवायचे. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर एवढं तरी उपयोगाला यावं.

सगळी गल्ली तिला एव्ही म्हणायची. मीसुद्धा पहिली दोन वर्षं एव्हीच म्हणत होते. एका दुपारी तिच्या व्हरांड्यात आम्ही शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "एव्ही हे कँटीनच्या मॅनेजरने ठेवलेलं नाव. माझं नाव एव्होदीया. जोर 'दी'वर दे. आजीचं नाव आहे माझ्या." तिच्याकडे नातवंडांना आजी-आजोबांचीच नावं देतात. तिचा बाप समुद्रात बुडी मारून स्पंज काढायचा. घरातून निघताना मुलीला हाक मारून निघायचा, कारण नावाचा अर्थ चांगली वाट, सुखाचा प्रवास. "शकुन म्हणून," ती म्हणाली. "आईला नाही मारायचा हाक. आईचं नाव काही शुभ नव्हतं." आणि खोखो हसली.

मग मी लायब्ररीत जाऊन त्या नावाचा पत्ता काढला. मला तशी सवयच आहे. हे नाव मुळात धर्माचं नाहीच. ग्रीक बोलणाऱ्या जगात व्यापारी, खलाशी, गुलाम, सुटका झालेले गुलाम, सगळ्यांत अशी शकुनाची नावं असत. पहिल्या पिढीतले ख्रिस्ती लोक धर्म बदलला म्हणून नाव बदलत नव्हते. कुणाच्या नावात जुनी देवी असेल तर तीही तशीच राहायची. आईबापांनी दिलं तेच नाव घेऊन ही माणसं प्रार्थनेला जमायची. त्यांतली एक एव्होदीया एका मोठ्या राजरस्त्यावरच्या गावात राहत होती. चांगली वाट नावाची बाई, आणि दाराशी मोठी वाट. तिचा उल्लेख ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या, तुरुंगातून पाठवलेल्या एका पत्रात आहे. तिने आणि आणखी एका बाईने नव्या धर्मासाठी पत्र लिहिणाऱ्याच्या बरोबरीने कष्ट काढले, असं तो स्वतः सांगतो. पण पत्रात तिचं नाव येतं ते त्या दोघींचं आपसात पटत नव्हतं म्हणून. त्यांनी एकमताने वागावं, अशी विनंती त्याने केली आहे. कशावरून बिनसलं, ते लिहिलेलं नाही. दोन हजार वर्षं लोकांनी तिचं काम विसरून भांडण तेवढं लक्षात ठेवलं. एका जुन्या इंग्रजी भाषांतरात तर नाव अशा थाटाने छापलं गेलं की काही पंडितांना ती पुरुष वाटली. गावातल्या मंडळीत एवढं वजन असलेली व्यक्ती बाई असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

हे सगळं मी घरी येऊन तावातावाने शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "भांडली ना? मग बरोबर. माझी आजीही भांडायची." पुढे म्हणाली, "तू माझ्या नावासाठी एवढी चिडतेस, मग हाक एव्ही म्हणून का मारतेस?" त्या दिवसापासून मी तिला पूर्ण नावाने हाक मारायला लागले. निदान आमच्या दोघींत.

करोना येण्याच्या थोडं आधी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरी एकटं राहणं शक्य नव्हतं. भाचीने मेलबर्नहून फोनवर फोन करून एका वृद्धाश्रमात जागा मिळवली. दाखल करायचा फॉर्म मी भरला. चांगला जाडजूड फॉर्म, सगळा मोठ्या अक्षरांत, एक खाडाखोड नाही. भाचीने मेलबर्नला सही केली, मी पुन्हा एकदा सगळी पानं तपासली. तिच्या खोलीत तिची तुळस ठेवली. त्यांच्याकडेही तुळशीला मान असतो, फक्त ती जेवणात घालत नाहीत, वास घेतात. पहिले तीन आठवडे मी एक दिवसाआड जायचे. मग दारं बंद झाली. भेटणाऱ्यांना मनाई, राज्यांच्या सीमा बंद, मेलबर्नहून कुणी इकडे येऊ शकत नव्हतं. आणि मी नात्यातली नव्हतेच.

काही महिन्यांनी एक फोन आला. त्या वृद्धाश्रमात नाशिकची एक मुलगी काम करते. अकाउंटिंग शिकायला आली होती, पुढे इथेच राहिली, कायम राहायचा परवाना मिळाला. गणपतीत ओळख झालेली. ती म्हणाली, "काकू, मी फोन केला हे कुणाला सांगू नका हं, माझी नोकरी जाईल. तुमची ती एव्ही आहे ना, ती जेवत नाहीये."

"जेवत नाही म्हणजे?"

"तोंडच उघडत नाही. हाक मारली तर बघत पण नाही. सगळे म्हणतात तिला ऐकू येत नाही, नाहीतर कळत नाही. चार्टवर रोज 'रिफ्यूज्ड' लिहितात. वजन खूप उतरलंय, काकू. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. तिला समजतच नाही असं ठरलं ना, तर मग फोर्स करणार नाहीत. कम्फर्टेबल ठेवायचं फक्त."

कम्फर्टेबल ठेवणं म्हणजे काय, ते मला डॉक्टरची आई म्हणून नीट माहीत आहे. मी विचारलं, "हाक काय मारता तिला?"

"एव्ही. तेच आहे ना बोर्डवर. बेडच्या वर मोठं लिहिलंय. 'गुड मॉर्निंग एव्ही, डार्लिंग.' आम्ही सगळे तसंच म्हणतो."

संध्याकाळी तुमची आत्या आली तेव्हा मी तिला विचारलं. ती बूट काढता काढता म्हणाली, "होतं असं, आई. स्ट्रोकनंतर कधी कधी नंतर शिकलेली भाषा जाते, लहानपणची राहते. तिचं इंग्लिश गेलं असेल. तिच्यासाठी एव्ही हा नुसता आवाज असेल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आता तू तिथे फोन करून क्लास घेऊ नकोस प्लीज. ती माणसं डबल शिफ्ट करतायत. दमलीयत बिचारी."

"दमली आहेत म्हणून म्हातारीला उपाशी मारायचं?"

"तसं म्हणाले का मी?"

मी फोन केला. सोमवारी दुपारी, तुमच्या कॉलची वेळ आहे हे विसरून. आधी रिसेप्शनवरच्या मुलीने "नो वरीज" म्हणून लाइनवर ठेवलं. मग नर्सने सांगितलं की खाजगी माहिती आहे, मी कुटुंबातली नाही. मी म्हटलं, मला माहिती नको, मीच माहिती देते आहे. तिला एव्होदीया म्हणून हाक मारा. ती म्हणाली, "नो वरीज, पास ऑन करते." मी म्हटलं, कुणाला पास ऑन करणार, लिहून घेतलंत का? लिहून घेतलं नव्हतं. म्हणून मी मॅनेजर मागितली. एव्हाना लॅपटॉपवर तुम्ही आला होतात, पण माझं लक्ष नव्हतं.

मॅनेजर बाई सौम्य बोलत होती. तिच्या त्या सौम्य आवाजाने माझं डोकं आणखी तापलं. मी तिला सांगितलं की माणसाला पंख्याचं बटण दाबल्यासारखं 'डार्लिंग' म्हणून चालत नाही. तिला त्या नावाचा अर्थ सांगितला, वय सांगितलं, दोन हजार वर्षं सांगितली. ते नाव तिच्या आजीचं, आणि त्या आजीच्याही आजीचं असेल, असं सांगितलं. तुमच्यापैकी एकालाही चार अक्षरं शिकावीशी वाटली नाहीत, म्हणून एक बाई हाकेला ओ न देता मरणार आहे, असंही सांगितलं. टेबलावर थापा मी त्याच वेळी मारत होते.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मी फाइल उघडली आहे. आम्ही मनाने काही ठेवलेलं नाही. दाखल होताना भरलेल्या फॉर्मवर एक रकाना असतो, रहिवाशाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल. तिथे एव्ही लिहिलंय. मोठ्या अक्षरांत. फॉर्म भरणाऱ्याचं नाव खाली आहे." आणि तिने माझं नाव वाचलं. अगदी नीट वाचलं, माझ्या नावात जोडाक्षर असूनही.

मी फोन खाली ठेवला तेव्हा तुमचा कॉल बंद झालेला होता.

तो रकाना मला आठवत होता. शेजारीण समोरच खुर्चीत बसली होती. जीभ जड होती, पण मान हलवता येत होती, डोळे शाबूत होते. मी तिला विचारलं नाही. जन्मतारीख विचारली, औषधं विचारली, दातांची कवळी आहे का ते विचारलं. नावाचं विचारलं नाही. तिथे पेन एक क्षणही थांबलं नाही, कारण मला वाटलं, नर्सेसना सोपं जाईल. या देशात आपण सगळे असंच करतो. पुण्याहून आलेला धडधाकट इंजिनीअर पहिल्याच दिवशी ऑफिसात सॅम होतो, आणि आई फोनवर कौतुकाने सांगते की साहेबांना म्हणायला सोपं. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की फॉर्म असा भरा की समोरच्याला त्रास होऊ नये. समोरचा म्हणजे टेबलापलीकडचा. ज्याचा फॉर्म, त्याचं काय, हे मी एकदाही शिकवलं नाही.

आणि नाव बदलणं मला मोठी गोष्ट वाटली नाही, त्याचं कारणही मला माहीत आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. तुम्ही ज्या नावाने आजीला ओळखता, ते माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाही. वडिलांनी ठेवलेलं नाव माझ्या मोठ्या जावेचंही होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी, हाक मारताना घोटाळा होईल, म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं. सगळ्यांना साखर वाटली. मला कुणी विचारलं नाही आणि कुणी विचारावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. बी.ए.च्या सर्टिफिकेटवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. माझा भाऊ होता तोवर जुन्या नावाने हाक मारायचा. आता कुणी मारत नाही. मी याबद्दल कधी रडले नाही. उलट फुशारकीने सांगायचे की आमच्या वेळी नाव बदललं तरी आम्ही त्याचा बाऊ केला नाही. तुमच्या आईने लग्नात नाव बदलायला नकार दिला तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते, हेही इथे लिहून टाकते. तिला वाचून दाखवा.

म्हणजे माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता का? नाही. तिकडचा राग मी परत घेतलेला नाही. महिनोन्‌महिने एक बाई हाकेला बघत नाही, तर एकाच्याही मनात येऊ नये की हाकच चुकते आहे? कागदावर लिहिलंय म्हणून मारत राहायची? फक्त त्या रागात आता आणखी एक माणूस होतं, आणि त्याला मी फोन आपटून गप्प करू शकत नव्हते.

मंगळवारी सकाळी मी मॅनेजरला पुन्हा फोन केला आणि या वेळी थापा न मारता विचारलं, की रकाना बदलायला काय लागतं. नवा फॉर्म, कुटुंबातल्या व्यक्तीची सही. चूक माझी, पण दुरुस्त करायचा हक्क माझा नाही. भाचीला फोन लावला. मेलबर्नला लॉकडाऊन, तिच्याकडे प्रिंटर नाही, दुकानं बंद. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, बाई, रड नंतर, आधी एक पांढरा कागद घे. तिने हाताने लिहिलं, सही केली, फोनने फोटो काढून पाठवला. पहिला फोटो अंधुक आला. दुसऱ्यात तिचा अंगठा सहीवर होता. तिसरा चालला. वृद्धाश्रमाच्या ऑफिसने तो बुधवारी सकाळी मान्य केला. बोर्ड बदलायला माणूस शुक्रवारी येणार होता. डॉक्टर गुरुवारी येणार होते. मी मॅनेजरला म्हटलं, बोर्ड राहू द्या, मला खिडकीशी उभं राहू द्या. तिने मागे वळून कुणाला तरी काही विचारलं. मग म्हणाली, बाहेरून, काच बंद ठेवून, पंधरा मिनिटं.

बुधवारी दुपारी तुमच्या आत्याने मला गाडीने नेलं. वाटेत ती म्हणाली, "आई, तिला कळेलच असं नाही हं. तयारी ठेव." हवेत पावसाळ्याआधीचा तो दमट उकाडा होता, साडी पाठीला चिकटत होती. मी बागेच्या बाजूने गवतातून खिडकीशी गेले. आत नाशिकची मुलगी मास्क आणि प्लास्टिकचा एप्रन घालून उभी होती. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्यात तिचा फोन, स्पीकरवर. मी तिला ओळखत नसल्यासारखी मान हलवली, तिनेही तसंच केलं. पलंगावर शेजारीण होती. मला आधी वाटलं कुणी दुसरीच आहे, एवढी ती आटली होती. तोंड भिंतीकडे. डोक्यावर बोर्ड, माझ्याच शब्दाचा.

मी फोनमध्ये म्हटलं, "एव्होदीया."

काही झालं नाही. मुलीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

मला कळलं, मी नाव वर्गात हजेरी घ्यावी तसं घेतलं होतं. मी श्वास घेतला आणि व्हरांड्यात तिने शिकवलं होतं तसं, 'दी'वर जोर देऊन, लांबून अंगणातून बोलवावं तशा मोठ्या आवाजात हाक मारली. काचेतूनही ऐकू गेली असेल. गाडीपाशी उभी असलेली आत्या दचकली.

तिचं डोकं वळलं. आधी फोनकडे, मग मुलीकडे, मग काचेकडे. तिने मला पाहिलं. ओळखलं की नाही हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तिने तोंड उघडलं आणि बोलायला लागली. ग्रीकमध्ये, तुटक, एका बाजूने, थुंकी उडवत, आणि भयंकर चिडून. डावा हात वर करून माझ्याकडे बोट रोखलं. आवाज फोनवर फाटत होता.

"काकू, काय म्हणतेय ही?" मुलगी म्हणाली.

"मला ग्रीक येत नाही."

"शिव्या देतेय की काय?"

"देत असेल. देऊ दे."

"काकू, तोंड उघडंय तिचं. चमचा घालू?"

"घाल. आधी नाव घे."

मुलीने नाव घेतलं. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा बरोबर आलं. शेजारणीने दही गिळलं, ओठ पुसायची वाट न बघता पुन्हा माझ्याकडे वळली आणि पुढे सुरू केलं. प्रत्येक चमच्यानंतर पुन्हा तेच. पंधरा मिनिटं झाली तेव्हा आतून कुणीतरी दारात येऊन घड्याळ दाखवलं. मुलीने हाताने थांबा म्हणून खूण केली, वाटी अजून अर्धी होती. मी काचेशी तशीच उभी राहिले आणि ती जे काही सुनावत होती ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.